नावांची यादी कुणाच्या हाती?

दुसरे महायुद्ध संपले, हिटलर आणि मुसोलिनी गेले, तेव्हा पोर्तुगालच्या सालाझारलाही जगासमोर लोकशाहीचा पेहराव चढवणे भाग पडले. १९४५ च्या ऑक्टोबरमध्ये त्याने निवडणुका जाहीर केल्या. विरोधकांनी लगोलग ‘लोकशाही ऐक्य चळवळ’ उभी केली आणि पाठिंब्याच्या सह्या गोळा करायला सुरुवात केली. दीड-दोन दशके तोंड मिटून बसलेल्या देशात हजारो माणसांनी भीत भीत का होईना, आपले नाव कागदावर लिहिले. सरकारने त्या याद्या पडताळणीच्या नावाखाली मागून घेतल्या. पुढे त्याच याद्या धरून माणसांच्या नोकऱ्या गेल्या आणि मागे चौकशा लागल्या. १९४८ साली चळवळीवरच बंदी आली. हुकूमशाहीतल्या विरोधाची सगळी अडचण या एका घटनेत सामावली आहे. विरोध करायचा तर माणसांनी एकमेकांना दिसले पाहिजे, आणि जी गोष्ट शेजाऱ्याला दिसते ती पोलिसालाही दिसते. अशा राजवटी मारतात, छळतात, तुरुंगात डांबतात हे खरेच. पण या सगळ्यामागचा हेतू एकच असतो. प्रत्येक माणसाला असे वाटले पाहिजे की आपण एकटे आहोत. म्हणून विरोधी चळवळीचे मूळ काम माणसे जोडण्याचे आणि जोडलेली माणसे वर्षानुवर्षे धरून ठेवण्याचे आहे. धैर्य, गर्दी, परदेशी पाठिंबा हे सगळे त्यानंतर येते. गेल्या पाऊणशे वर्षांतल्या वेगवेगळ्या देशांचे अनुभव शेजारी शेजारी ठेवले, तर यश आणि अपयश यांच्यातली रेघ बहुतेक वेळा याच ठिकाणी पडलेली दिसते.

पहिली तोडातोड होते ती एका नागरिकाची दुसऱ्यापासून. अर्थशास्त्रज्ञ तिमूर कुरान यांनी १९९५ च्या आपल्या ग्रंथात मांडले आहे की दडपशाहीत माणसे मनातले मत लपवून सोयीचे मत बोलतात, आणि सगळेच तसे करत असल्यामुळे राजवटीला खरा पाठिंबा किती, हे कुणालाच कळत नाही. हे अज्ञान हाच राजवटीचा पाया असतो. हार्वर्डचे गॅरी किंग आणि त्यांचे सहकारी यांनी २०१३ साली चीनच्या समाजमाध्यमांवरील सेन्सॉरशिपचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्याचा निष्कर्षही याच्याशी जुळतो. सरकारवरची टीका, अगदी कडक टीकासुद्धा, बरेचदा तशीच राहू दिली जाते. ज्या मजकुरामुळे माणसे एकत्र येण्याची शक्यता असते, तो मात्र चटकन पुसला जातो. एकट्याचा राग चालतो, दहा जणांची भेट चालत नाही. गोव्याच्या जुन्या पिढीने हा कारभार जवळून पाहिला होता. पोर्तुगीज अमलात छापील मजकूर आधी सेन्सॉरकडे जायचा आणि सभा भरवायला परवानगी लागायची. १८ जून १९४६ रोजी मडगावात राममनोहर लोहिया बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांना लगेच अटक झाली. पण ते काय बोलणार होते, यापेक्षा तिथे किती लोक जमले हे महत्त्वाचे ठरले. आपल्यासारखेच कितीतरी जण आहेत, हे त्या दिवशी माणसांनी डोळ्यांनी पाहिले. १९७९ साली पोप जॉन पॉल दुसरे पोलंडला गेले, तेव्हा लाखोंच्या गर्दीने स्वतःला असेच पाहून घेतले. बेलारूसमध्ये २०२० च्या उन्हाळ्यात राष्ट्राध्यक्ष लुकाशेंकोच्या विरोधातील इच्छुकांना सह्या देण्यासाठी लांबच लांब रांगा लागल्या, तेव्हाही हेच घडले. एकटेपणाचा भ्रम फुटतो तो असा, आणि बहुधा एका दिवसात फुटतो.

मात्र भ्रम फुटला म्हणजे राजवट कोसळली असे होत नाही. खरी कसोटी दुसऱ्या दिवशी सुरू होते, आणि इथे पोलंड व बेलारूस यांच्यातला फरक डोळ्यांत भरतो. पोलंडमध्ये १९७६ च्या जूनमध्ये भाववाढीविरुद्ध कामगार रस्त्यावर आले, त्यांनी मार खाल्ला, कामावरून काढले गेले. त्यानंतर सप्टेंबरमध्ये काही बुद्धिवंतांनी कामगार संरक्षण समिती स्थापन केली. तिने क्रांतीची हाक दिली नाही. अटकेत असलेल्या कामगारांना वकील मिळवून देणे, त्यांच्या घरी पैसे पोहोचवणे, कुणाला कुठे मारले याची नोंद करून ती छापणे, अशी साधी कामे तिने हाती घेतली. चार वर्षांनी, १४ ऑगस्ट १९८० रोजी, ग्दान्स्कच्या गोदीत अॅना वालेन्तिनोविच यांना कामावरून काढल्याच्या निमित्ताने संप पेटला, तेव्हा शहरा-शहरांत एकमेकांवर भरवसा ठेवणारी माणसे आधीच तयार होती. त्यातून उभ्या राहिलेल्या सॉलिडॅरिटी या स्वतंत्र कामगार संघटनेची सदस्यसंख्या वर्षभरात कोटीच्या घरात गेली. १३ डिसेंबर १९८१ रोजी लष्करी कायदा लागू झाला आणि हजारो कार्यकर्ते एका रात्रीत स्थानबद्ध झाले, तरी चळवळ मेली नाही. व्रोत्स्वाफच्या कार्यकर्त्यांनी दहाच दिवस आधी संघटनेचे आठ कोटी झ्लोती बँकेतून काढून सुरक्षित ठेवले होते. भूमिगत छापखाने चालत राहिले. नेते धरले गेले की दुसरी फळी उभी राहायची. बेलारूसमध्ये ९ ऑगस्ट २०२० च्या निवडणुकीत लुकाशेंकोला ऐंशी टक्के मते मिळाल्याचे जाहीर झाल्यावर जो उठाव झाला, तो धैर्यात कुठेही कमी नव्हता. पांढऱ्या कपड्यांत फुले घेऊन उभ्या राहिलेल्या स्त्रियांच्या रांगा आणि दर रविवारचे प्रचंड मोर्चे जगाने पाहिले. पण तो काही आठवड्यांत, मुख्यतः टेलिग्रामच्या वाहिन्यांवर उभा राहिला होता. कामगारांचे संप सुरू झाले, पण ते तग धरू शकले नाहीत. कारण संपकऱ्याच्या घरी महिनोन्महिने धान्य पोहोचवील अशी जुनी यंत्रणा नव्हती. पुढे राजवटीने हजाराहून अधिक स्वयंसेवी संस्था मोडीत काढल्या आणि स्वतंत्र टेलिग्राम वाहिन्यांना ‘अतिरेकी’ ठरवून त्यांचे सदस्य असणे हाच गुन्हा केला. १९४५ च्या लिस्बनमधील कागदी यादीची जागा माणसाच्या खिशातल्या फोनने घेतली. माणसे जोडण्याचे साधन जितके सोपे आणि वेगवान, तितके ते पोलिसांच्या हातीही सहज लागते.

ज्या संस्थांकडे राजकारणाव्यतिरिक्त स्वतःचे असे बळ असते, त्यांचे मोल म्हणूनच फार मोठे आहे. ११ सप्टेंबर १९७३ च्या जनरल पिनोशेच्या लष्करी बंडानंतर चिलीत संसद बरखास्त झाली, पक्ष बेकायदा ठरले, मतदारयाद्या नष्ट करण्यात आल्या. तेव्हा कार्डिनल राउल सिल्वा एन्रिकेझ यांनी १९७६ साली चर्चच्या छत्राखाली एक मदतकार्यालय उघडले. बेपत्ता झालेल्यांच्या आया-बायका तिथे जात. वकील त्यांची कैफियत लिहून घेत, न्यायालयात अर्ज करत. जवळजवळ सगळे अर्ज फेटाळले जात, तरी कागद जमा होत राहिला. त्या वेळी हा उद्योग व्यर्थ वाटला असेल. लोकशाही परतल्यावर सत्यशोधन आयोगाला जे पुरावे मिळाले, त्यांतला मोठा भाग याच कपाटांतून आला. राजवटीने ज्यांना नाहीसे केले, त्यांची नावे कुणीतरी लिहून ठेवली होती. यादी अशीही असते.

दुसरी तोडातोड नेत्यांची आणि लोकांची. तिची दोन ठरलेली हत्यारे आहेत, तुरुंग आणि हद्दपारी, आणि राजवट दोन्ही अदलून-बदलून वापरते. गोव्याच्या स्वातंत्र्यचळवळीचे जनक त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना १९४६ साली लष्करी न्यायालयाने शिक्षा सुनावून पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात पाठवले. गोव्यातला तुरुंग सालाझारला पुरेसा दूर वाटला नाही. मोहन रानडे गोवा मुक्त झाल्यावरही कित्येक वर्षे पोर्तुगीज तुरुंगात खितपत पडले आणि १९६९ मध्ये सुटले. आजच्या राजवटींना सागरी किल्ल्याची गरज नाही, सीमा पुरते. बेलारूसच्या विरोधी नेत्या मारिया कोलेस्निकोवा यांना सप्टेंबर २०२० मध्ये युक्रेनच्या सीमेवर नेऊन जबरदस्तीने देशाबाहेर ढकलण्याचा प्रयत्न झाला. त्यांनी पासपोर्ट फाडून टाकला आणि तुरुंग पत्करला. परागंदा नेत्याचा आवाज देशाबाहेर मोठा होतो आणि देशात हळूहळू परका होत जातो, हे त्यांना कळले होते. रशियाचे अलेक्सेई नवाल्नी विषप्रयोगातून वाचल्यावर जानेवारी २०२१ मध्ये परत गेले, ते याच कारणाने. १६ फेब्रुवारी २०२४ रोजी आर्क्टिकमधील तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला. या दोघांचे शौर्य थोर आहे, आणि त्यापुढे मान झुकवूनच म्हणावे लागते की एका माणसाच्या शौर्यावर उभी असलेली चळवळ त्या माणसाबरोबरच बंदिस्त होते. राहिला परदेशात विखुरलेला समाज, तर त्यालाही मायदेशापासून तोडण्याची सोय केली जाते. बेलारूसने सप्टेंबर २०२३ पासून आपल्या वकिलातींतून पासपोर्ट देणेच थांबवले. नवा पासपोर्ट हवा तर परत या, आणि आलात तर पोलीस उभे आहेत.

तिसरी फूट विरोधकांची आपसांतली. ती सगळीच सरकारने पाडलेली नसते. बरीचशी जुन्या भांडणांतून आलेली असते. चिलीत ख्रिश्चन डेमोक्रॅट आणि समाजवादी हे बंडाआधीच्या, समाजवादी राष्ट्राध्यक्ष आयेंदेच्या काळातले कट्टर वैरी होते. ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षातल्या अनेकांनी सुरुवातीला बंडाचे समर्थनही केले होते. या दोघांना एका टेबलावर यायला जवळजवळ पंधरा वर्षे लागली. १९८८ च्या फेब्रुवारीत विरोधी पक्षांची आघाडी झाली ती पिनोशेवरच्या सार्वमतातल्या ‘नाही’ या एका शब्दावर. पण पिनोशे गेल्यावर काय करायचे याचा किमान समझोताही तिने केला, म्हणून ती आघाडी पुढची वीस वर्षे सत्तेवर टिकली. आपल्याकडचा आणीबाणीचा अनुभव याची दुसरी बाजू दाखवतो. येरवड्यासारख्या तुरुंगांत समाजवादी आणि जनसंघीय एकत्र राहिले, त्या सहवासातून जवळीक निर्माण झाली, जानेवारी १९७७ मध्ये जनता पक्षाची घोषणा झाली आणि मार्चमध्ये त्याने सत्ता मिळवली. जनता पक्ष आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघ यांच्या दुहेरी सदस्यत्वाचा प्रश्न मात्र तुरुंगात सुटला नव्हता, आणि १९७९ मध्ये त्याच प्रश्नावर घर फुटले. कुणाला घालवायचे एवढ्यावर झालेली एकी निवडणूक जिंकून देते. राज्य चालवायला तिला त्यापुढचा करार लागतो.

इथे एक गंभीर आक्षेप येतो. ज्या निवडणुकीचा निकाल आधीच ठरला आहे, तिच्यात भाग घेऊन विरोधक राजवटीला प्रतिष्ठाच देत नाहीत काय? या आक्षेपात तथ्य आहे. १९५८ साली जनरल हुंबेर्तो डेल्गादो सालाझारच्या उमेदवाराविरुद्ध राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले. पोर्तोपासून लिस्बनपर्यंत लोक लोटले, तरी त्यांच्या पदरात अधिकृतपणे चौथा हिस्साच मते पडली. सालाझारने त्यानंतर थेट निवडणूकच रद्द करून टाकली, आणि १९६५ मध्ये गुप्त पोलिसांनी डेल्गादोंचा स्पेनच्या सीमेजवळ खून केला. पण बहिष्काराचा हिशेबही मांडला पाहिजे. व्हेनेझुएलातल्या विरोधकांनी २००५ ची संसदीय निवडणूक सोडून दिली. सगळी संसद राष्ट्राध्यक्ष चावेझच्या हाती गेली आणि पाच वर्षे विरोधकांना सभागृहात आवाज उरला नाही. चिलीचे ख्रिश्चन डेमोक्रॅट नेते पात्रिसिओ आयल्विन यांनी १९८४ मध्ये आपल्या मित्रांना सुचवले की पिनोशेची १९८० ची राज्यघटना वैध की अवैध हा वाद बाजूला ठेवू आणि ती एक वस्तुस्थिती आहे असे धरून चालू. अनेकांना ती शरणागती वाटली. त्याच घटनेतल्या सार्वमतात ५ ऑक्टोबर १९८८ रोजी पिनोशे हरला. सहभाग की बहिष्कार, यांतले कोणतेही उत्तर सगळ्या काळांसाठी बरोबर नाही. पण विचारायचा प्रश्न मात्र एकच आहे. या निवडणुकीतून आपली माणसे अधिक जोडली जाणार आहेत का, आणि मते आपण स्वतः मोजू शकणार आहोत का? चिलीच्या विरोधकांनी केंद्रा-केंद्रावर माणसे बसवून समांतर मोजणी केली होती. व्हेनेझुएलात २८ जुलै २०२४ रोजी याहून अवघड काम झाले. विरोधी नेत्या मारिया कोरिना माचादो यांना उमेदवारी नाकारली गेली, म्हणून एदमुंदो गोन्झालेझ उभे राहिले. हजारो स्वयंसेवकांनी मतदानयंत्रांतून निघालेले निकालपत्रक केंद्रावरच मिळवले, आणि ऐंशी टक्क्यांहून अधिक केंद्रांची पत्रके जगापुढे ठेवली. त्यांत गोन्झालेझना सत्तेवरच्या मादुरोच्या दुपटीहून जास्त मते होती. निवडणूक मंडळाने मादुरोला विजयी घोषित केले, पण केंद्रनिहाय आकडे काही दिले नाहीत.

तरीही मादुरोने जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा शपथ घेतली. पुरावा होता, बहुमत होते, संघटनाही होती. मग उणीव कोणती? हा माझ्या मांडणीवरचा सर्वांत कठीण आक्षेप आहे, आणि त्याचे उत्तर चौथ्या तोडातोडीत आहे. राजवट आपल्याच सैनिकांना, पोलिसांना आणि कारकुनांना लोकांपासून तोडून ठेवते. त्यांना पदे देते, धंद्यांत वाटा देते, गुन्ह्यांत सामील करून घेते, म्हणजे परतीची वाट उरत नाही. पिनोशे हरला त्या रात्री हवाई दलप्रमुख फर्नांदो माथेई यांनी राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादात शिरताना पत्रकारांना सांगून टाकले की ‘नाही’ची बाजू जिंकली आहे. ते लोकशाहीवादी नव्हते. पण निकाल मानल्यावर आपले आणि आपल्या दलाचे काय होईल, याचा अंदाज त्यांना बांधता येत होता. गोव्याशी संबंधित एक उदाहरण तर विलक्षण आहे. डिसेंबर १९६१ मध्ये सालाझारने गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांच्याकडून शेवटच्या सैनिकापर्यंत लढण्याची अपेक्षा केली. त्यांनी आपल्या माणसांचा निरर्थक संहार टाळून शरणागती पत्करली, आणि मायदेशी परतल्यावर त्यांना सैन्यातून काढून टाकले गेले. निष्ठेचे बक्षीस काय असते, हे पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी तेव्हा पाहून ठेवले. आफ्रिकेतल्या तीन युद्धांनी थकलेल्या कॅप्टनांनी २५ एप्रिल १९७४ रोजी ती राजवटच उलथून टाकली. उलट बेलारूसमध्ये पोलीस दल फुटले नाही. २०२० च्या ऑगस्टमध्येच पुतिनने मदतीला राखीव दल तयार असल्याचे जाहीर करून डगमगणाऱ्यांना सावरले. म्हणून विरोधकांनी राजवटीच्या आतल्या माणसांशीही बोलत राहिले पाहिजे, त्यांना उद्याच्या देशात जगता येईल असे काही सांगितले पाहिजे.

हे लिहिताना हात जड होतो, कारण या बोलण्याची किंमत पीडितांच्या नातेवाइकांना चुकवावी लागते. पिनोशे सार्वमत हरल्यावरही मार्च १९९८ पर्यंत सैन्यप्रमुख राहिला, आणि १९७८ च्या माफीच्या कायद्याने अनेक मारेकऱ्यांना वर्षानुवर्षे आसरा दिला. हा न्याय नव्हे, हे स्पष्टपणे म्हटलेच पाहिजे. पण सत्ता सोडण्याची वाट आणि गुन्ह्यांचा कायमचा विसर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चिलीत खटले उशिरा उभे राहिले ते चर्चच्या कार्यालयातल्या कागदांच्या बळावर. ज्या चळवळीने नोंदी ठेवल्या, तिला तडजोडीनंतरही न्याय मागता आला.

शेवटचा आक्षेप असा की हे सगळे बाहेरच्या जगावर अवलंबून असते. गोर्बाचेव्ह नसते तर पोलंड सुटला नसता, पुतिन नसता तर बेलारूस अडला नसता. किंवा मग असा, की मारायला तयार असलेल्या सत्तेपुढे बंदुकीशिवाय इलाज नाही. दुसऱ्याचे उत्तर अनुभवात आहे. सप्टेंबर १९८६ मध्ये चिलीतल्या सशस्त्र गटाने पिनोशेवर हल्ला केला. तो वाचला, आणीबाणी लादली गेली, आणि सर्व विरोधकांवर सूड उगवला गेला. एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन यांनी १९०० ते २००६ मधील ३२३ मोहिमा तपासल्या, तेव्हा अहिंसक मोहिमांपैकी ५३ टक्के यशस्वी झालेल्या आढळल्या, तर सशस्त्र मोहिमांपैकी २६ टक्केच. २०१० नंतर मात्र अहिंसक चळवळींचे यशही एकतृतीयांशाच्या आसपास घसरले. चेनोवेथ यांनी दिलेल्या कारणांत, मोर्च्यांवर वाढलेली भिस्त आणि दीर्घ संघटनेची उणीव ही प्रमुख आहेत. पहिल्या आक्षेपातले सत्य मी मान्य करतो. संधी बहुधा बाहेरून येते, ती विरोधकांच्या हाती नसते. पण ती आली तेव्हा सॉलिडॅरिटी उभी होती, म्हणून जून १९८९ च्या निवडणुकीच्या दोन फेऱ्यांत कनिष्ठ सभागृहातल्या खुल्या असलेल्या सगळ्या १६१ जागा आणि सिनेटच्या शंभरपैकी ९९ जागा तिने जिंकल्या. पोर्तुगालची राजवट कॅप्टनांनी पाडली. परंतु वर्षानुवर्षे भूमिगत आणि परागंदा राहिलेले विरोधक परतून कामाला लागले, म्हणून वर्षभरात ९१ टक्के मतदारांनी संविधान सभेसाठी मतदान केले. जिथे असे कुणी शिल्लक नसते, तिथे एका सेनाधिकाऱ्याची जागा दुसरा घेतो.

म्हणून एखादी विरोधी चळवळ हरली की जिंकली, याचा निवाडा मोर्च्याच्या दिवशी किंवा निकालाच्या रात्री करू नये. तुरुंगातल्या माणसाच्या घरी अजून कुणी जाते का, त्याचे नाव अजून कुठे लिहिले जाते का, कालचे वैरी एकत्र बसतात का, राजवटीतल्या डळमळीत माणसाला ठोठावता येईल असे एखादे दार आहे का, हे पाहावे. चिलीत मतदारयाद्या नष्ट झाल्या होत्या. १९८७ पासून नव्याने नोंदणी सुरू झाली तेव्हा सगळ्यांच्या मनात लिस्बनच्या त्या सह्यांसारखीच भीती होती, की हे नाव उद्या कुणाच्या हाती जाईल? कार्यकर्ते घरोघर गेले, समजावत राहिले. दीड वर्षात चौऱ्याहत्तर लाख माणसांनी आपले नाव लिहिले. इतक्या मोठ्या यादीचे पोलीस काहीच करू शकले नाहीत.